रसग्रहणाचा अभ्यासक्रम आणि न ऐकलेले संगीत

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

नव्या सत्राच्या प्रवेशांचे दिवस जवळ आले आहेत. महाविद्यालयांच्या ऑनलाइन ऐच्छिक विषयांच्या यादीत ‘पाश्चात्त्य संगीताचे रसग्रहण : प्राथमिक ओळख’ अशा नावाचा एखादा अभ्यासक्रम अनेकदा दिसतो. त्यासाठी वाद्य वाजवता येण्याची किंवा स्वरलिपी वाचता येण्याची अट नसते, त्यामुळे विज्ञानाचे आणि वाणिज्याचे विद्यार्थीही तो हौसेने घेतात. मीही गेल्या वर्षी नोकरी सांभाळून असा बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम पूर्ण केला. महाविद्यालयाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण कोणाला दोष देण्यासाठी हे पत्र नाही. हा विषय नीट शिकवला जावा एवढीच तळमळ त्यामागे आहे. त्या अभ्यासक्रमात मला उत्तम गुण मिळाले, पण ते मिळवण्यासाठी संगीत असे मला जवळपास ऐकावेच लागले नाही, ही माझी खंत आहे.

अभ्यासक्रमाची आखणी पाठ्यपुस्तकाच्या प्रकरणांबरहुकूम होती. एका आठवड्यात मध्ययुग, पुढच्यात प्रबोधनकाळ, मग बरोक, मग क्लासिकल, रोमँटिक आणि शेवटी विसावे शतक. प्रत्येक आठवड्याला काही स्लाइड, एक ध्वनिचित्रफीत आणि वीस बहुपर्यायी प्रश्न असत. रचना ऐकवल्या जात त्या तीस-चाळीस सेकंदांच्या तुकड्यांनी. सत्र संपल्यावर मी त्या सगळ्या तुकड्यांची बेरीज केली, तेव्हा ती एका मोठ्या सिम्फनीच्या, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या अनेक भागांच्या रचनेच्या, लांबीइतकीही भरली नाही. प्रश्न मात्र भरपूर होते. बाख आणि हँडल हे दोघेही संगीतकार १६८५ साली जन्मले, बाखच्या मृत्यूचे १७५० हे साल बरोक कालखंडाची अखेर मानले जाते, हायडनच्या क्रमांकित सिम्फनी १०४ आहेत, ही सगळी माहिती मला आजही तोंडपाठ आहे. परीक्षेनंतर काही दिवसांनी एका मैत्रिणीने एक अनोळखी रचना लावली आणि ‘यात काय चालले आहे, सांग बरं’ असे सहज विचारले. मला वाद्यांची नावेसुद्धा धड सांगता आली नाहीत.

बेथोवनच्या पाचव्या सिम्फनीचा अनुभव जरा सविस्तर सांगते, कारण माझे सगळे म्हणणे त्यात आले आहे. तीन आखूड आणि एक लांब अशा चार स्वरांची तिची सुरुवात ठाऊक नाही असा माणूस विरळा. आमच्या अभ्यासक्रमात नेमका तेवढाच तुकडा होता आणि त्यावर प्रश्न होता तो पहिल्या प्रयोगाच्या तारखेचा : २२ डिसेंबर १८०८, व्हिएन्ना. अभ्यासक्रम संपल्यावर एका रात्री मी पहिला भाग प्रथमच आरंभापासून अखेरपर्यंत ऐकला. सुरुवातीच्या अर्ध्या मिनिटातच वाद्यवृंद एकदा एकदम थांबतो आणि व्हायोलिनचा एकटा स्वर रेंगाळत राहतो. त्यानंतर ती चार स्वरांची आकृती नाना वाद्यांतून, नाना उंचींवरून धावत सुटते. माझ्याकडच्या ध्वनिमुद्रणात चार मिनिटे उलटून गेल्यावर सुरुवातीचेच स्वर पुन्हा येतात आणि वाद्यवृंद पुन्हा त्याच जागी थांबतो. आपण व्हायोलिनच्या त्या स्वराची वाट पाहतो, पण या खेपेला तिथे एकटा ओबो, एक सनईसारखे फुंकवाद्य, गाऊ लागतो. सगळा वाद्यवृंद गप्प आणि त्या शांततेत ओबोची एक छोटीशी, संथ, कोणाच्याही साथीवाचून म्हटलेली ओळ. काही क्षणांत ती संपते आणि धावपळ पुन्हा सुरू होते.

ती ओळ मी त्या रात्री पाच-सहा वेळा मागे नेऊन ऐकली. एरवी ती ओळ साधीच आहे, सुटी काढून ऐकवली तर कोणी थांबून ऐकेल असेही नाही. तिचा अर्थ कळतो तो आधीची चार मिनिटे कानात साठवलेली असतात म्हणून, आणि इथे पूर्वी काय घडले होते ते आठवते म्हणून. सुरुवातीचा तुकडा दाखवून सिम्फनीची ओळख करून देणाऱ्या अभ्यासक्रमात ही ओळ कधीच येणार नाही. ओबोचा तुकडा वेगळा काढून दाखवला, तरीही ती ‘ऐकू’ येणार नाही. चित्राकडे पाहताना नजर मागेपुढे फिरवता येते. संगीतात मागे गेलेले सारे आठवणीत धरावे लागते. ते धरायचे कसे, ही या विषयातली पहिली शिकवण असायला हवी. याच सिम्फनीत तिसरा भाग न थांबता चौथ्यात शिरतो, सी मायनर या उदास स्वरसप्तकाचा काळोख फिटून सी मेजर हे उजळ स्वरसप्तक उजळते आणि तोपर्यंत एकही स्वर न काढलेले ट्रॉम्बोन (पितळी फुंकवाद्ये) तिथे प्रथमच वाजतात. तीन भाग धीराने ऐकलेल्या माणसालाच ट्रॉम्बोनच्या त्या प्रवेशाचे मोल कळते, आणि त्यासाठी लागतो जेमतेम अर्धा तास. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात हा अर्धा तास सापडू नये, हे मला पटत नाही.

असे अनुभव ऐकून अनेक जण म्हणतात की, संगीतासारखा विषय मुळात ऑनलाइन शिकवूच नये. माझे मत नेमके उलट आहे. ऐकण्याच्या शिक्षणाला ऑनलाइन वर्गासारखे साधन नाही; आपण ते वापरत नाही, एवढेच. वर्गात शिक्षक एकदा ऐकवणार, फार तर दोनदा. चाळीस जणांपैकी एकाला खालची ओळ ऐकू आली नाही म्हणून सगळ्यांना थांबवता येत नाही. घरी मात्र विद्यार्थ्याला तीच चाळीस सेकंदे हवी तितक्यांदा ऐकता येतात.

बाखच्या ‘वेल-टेम्पर्ड क्लाव्हिए’ या १७२२ च्या पहिल्या संग्रहातला सी मायनरमधला फ्यूग घ्या; फ्यूग म्हणजे एकच विषय वेगवेगळ्या आवाजांत एकामागून एक येऊन गुंफला जाणारी रचना. तो तीन आवाजांचा आहे आणि बहुतेक वादक तो दोन मिनिटांच्या आत संपवतात. आरंभी मधला आवाज एकटाच विषय मांडतो, मग वरचा आवाज तोच विषय घेऊन येतो, आणि थोड्या अवकाशाने खर्जातला तिसरा. एकाच स्वरावलीच्या मागोमाग जाण्याची सवय असलेल्या कानाला पहिल्या वेळी इथे नुसती गर्दी ऐकू येते. माझेही तसेच झाले. मग मी एकदा फक्त वरच्या आवाजाचा माग काढला, एकदा फक्त खर्जाचा, आणि एकदा कागदावर विषय जिथे जिथे पुन्हा येतो तिथे तिथे घड्याळाची वेळ टिपली. मधला आवाज सर्वात चिवट, तो शेवटपर्यंत हातातून निसटत राहिला. आठव्या-नवव्या खेपेला मात्र तिन्ही आवाज एकाच वेळी, तरीही वेगवेगळे, ऐकू येऊ लागले. पॉलिफनी, म्हणजे अनेक स्वतंत्र आवाजांची एकत्र गुंफण, म्हणजे काय हे मला त्या क्षणी कळले. तिची व्याख्या मी परीक्षेत दोन महिने आधीच बरोबर लिहिली होती. परिभाषा टाकून द्यावी असे मी म्हणत नाही, पण तिने कानाच्या मागून यावे. हायडनच्या ९४ व्या सिम्फनीच्या दुसऱ्या भागात मंद, सालस चालीच्या मध्येच सगळा वाद्यवृंद एकदम गरजतो. आमच्या स्लाइडवर ‘येथे अचानक मोठा कॉर्ड येतो’ (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजलेले अनेक स्वर) हे वाक्य ध्वनीच्या आधीच छापलेले होते. १७९२ साली लंडनच्या श्रोत्यांना जो धक्का बसला असेल, तो आम्हाला अनुभवायलाच मिळाला नाही.

कोणत्या साधनावर ऐकावे, याबद्दल अभ्यासक्रमात चकार शब्द नव्हता. पर्सेलच्या ‘डायडो अँड एनिअस’ या ऑपेराच्या, म्हणजे संगीतनाटकाच्या, शेवटी डायडो राणीचा विलाप आहे. त्याच्या तळाशी खर्जात एक पाच बारांची (तालाच्या पाच खंडांची) ओळ अर्ध्या-अर्ध्या स्वराने खाली उतरत जाते आणि अकरा वेळा फिरून फिरून येते. वरचे गाणे त्या ओळीच्या शेवटाशी थांबत नाही; ते तिच्या वेशी ओलांडून पुढे जाते, आणि दुःखाला चौकट पुरत नाही असे जे आपल्याला वाटते ते त्यामुळे. मी ती आरिया, म्हणजे ते एकल गीत, फोनवरच ऐकली होती. फोनच्या इवल्याशा स्पीकरला खर्जाचे स्वर पेलत नाहीत, त्यामुळे मला ऐकू आले ते फक्त गाणे. खालच्या ओळीवरचा प्रश्न मी अंदाजाने सोडवला आणि तो बरोबर आला. पुढे साधे, कानात बसणारे हेडफोन लावून ऐकले, तेव्हा ती उतरती ओळ पायाखालच्या पायऱ्यांसारखी स्पष्ट जाणवली. महागड्या उपकरणांची गरज नाही. ‘फोनच्या स्पीकरवर ऐकू नका’ एवढे एक वाक्य पहिल्या दिवशी सांगितले असते तरी पुरे होते.

थेट वर्गांची तऱ्हाही अशीच होती. व्हिडिओ कॉलची बहुतेक सॉफ्टवेअर माणसाचे बोलणे ठळक करण्यासाठी बनवलेली असतात. लांबलेला, एकसारखा स्वर त्यांना पंख्याच्या घरघरीसारखा गोंगाट वाटतो आणि ती तो दाबून टाकतात. शिक्षक तळमळीने चेलो ऐकवत आणि आमच्यापर्यंत स्वर येत ते तुटत, बुडत, मधूनच नाहीसे होत. त्यांचा यात दोष नव्हता. अशा काही सॉफ्टवेअरमध्ये मूळ ध्वनी जसाच्या तसा पाठवण्याची वेगळी सोय असते, ती चालू करायला कोणी त्यांना शिकवले नव्हते. त्याहून सोपा उपाय असा की, संगीत कॉलवरून पाठवूच नये. दुवा आधी द्यावा, सर्वांनी आपापल्याकडे ऐकून यावे आणि वर्गाचा वेळ त्यावर बोलण्यासाठी ठेवावा.

पूर्ण रचना का देत नाही, असे विचारले असता ‘कॉपीराइट’ हे उत्तर मिळाले. हे कारण अर्धे खरे आहे. बाख, मोझार्ट, बेथोवन यांच्या रचना केव्हाच स्वामित्वहक्कातून मुक्त झाल्या आहेत. हक्क असतो तो अलीकडच्या वादकांच्या ध्वनिमुद्रणावर, आणि स्वयंचलित यंत्रणा तो ओळखून चित्रफितीचा आवाज बंद करतात. शिक्षक त्यामुळे धास्तावतात, हे समजण्यासारखे आहे. परंतु आज खुल्या ध्वनिमुद्रणांचा तुटवडा नाही. किमिको इशिझाका या पियानोवादिकेने लोकवर्गणीतून केलेले बाखच्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’चे संपूर्ण ध्वनिमुद्रण २०१२ पासून कोणतीही अट न घालता सर्वांसाठी खुले आहे. २००६ साली सुरू झालेल्या आयएमएसएलपी या संकेतस्थळावर हक्कमुक्त रचनांच्या छापील स्वरलिपी विनामूल्य मिळतात. स्वरलिपी वाचता येत नसली तरी ओळी वर चढताना आणि खाली उतरताना डोळ्यांना दिसतात, त्याचाही नवख्या कानाला आधार होतो. येल विद्यापीठातील प्रा. क्रेग राइट यांची ‘लिसनिंग टू म्युझिक’ ही व्याख्याने २००८ च्या सत्रात चित्रित होऊन कोणालाही पाहता येतील अशी खुली झाली. त्याच्या कितीतरी आधी, १९५८ पासून, लिओनार्ड बर्नस्टाइन न्यूयॉर्क फिलहार्मोनिकला सोबत घेऊन दूरचित्रवाणीवर मुलांना हेच शिकवत होते आणि वाद्यवृंदाकडून तिथल्या तिथे वाजवून घेऊन दाखवत होते. पडद्यावरून संगीत शिकवता येते की नाही, हा वाद तेव्हाच मिटला आहे.

‘एवढ्या कमी रचना घेतल्या तर इतिहास कसा पूर्ण होणार,’ हा आक्षेप मी ऐकून आहे. बारा आठवड्यांत हजार वर्षांचा इतिहास तसाही पूर्ण होत नाही, त्याच्या फक्त सनावळ्या पूर्ण होतात. स्ट्राविन्स्कीच्या ‘द राइट ऑफ स्प्रिंग’च्या पहिल्या प्रयोगाला २९ मे १९१३ रोजी पॅरिसमध्ये प्रेक्षागृहात जो गदारोळ झाला, त्यावर आमच्या अभ्यासक्रमात दहा मिनिटांची चित्रफीत होती आणि संगीत होते अर्ध्या मिनिटाचे. ती रचना एकट्या बासून या फुंकवाद्याने सुरू होते. एरवी खर्जात वावरणारे हे वाद्य तिथे इतक्या वरच्या पट्टीत वाजते की ते बासून आहे हेच चटकन ओळखू येत नाही. तो विचित्र, घुसमटलेला स्वर दोनदा ऐकल्यावर प्रेक्षागृहात अस्वस्थता का पसरली असेल याचा थोडासा अंदाज कानालाच येऊ लागतो. शूबर्टचे १८१५ मधले ‘एर्लकोनिग’ हे गीत अवघे चार मिनिटांचे आहे. एकच गायक निवेदक, बाप, आजारी मुलगा आणि मुलाला भुलवणारा पिशाच्चराजा असे चौघांचे आवाज काढतो, आणि पियानो घोड्याच्या टापा वाजवत राहतो. रोमँटिक म्हणजे काय, यावरच्या पाच स्लाइडऐवजी हे एक गीत तीन वेळा ऐकवावे. संगीतकार फॅनी मेंडेल्सझोनची सहा गीते भाऊ फेलिक्सच्या नावाने छापली गेली, ही गोष्टही पानाच्या कोपऱ्यातल्या चौकटीतल्या टिपेत ढकलण्याऐवजी तिचे एखादे गीत ऐकवून सांगितली तर लक्षात राहील.

माझी पहिली मागणी परीक्षेबद्दल आहे, कारण परीक्षेत जे विचारले जाते तेच विद्यार्थी करतात. निदान अर्धे गुण ऐकण्याला असावेत. पूर्वी न ऐकवलेली तीन-चार मिनिटांची एक रचना द्यावी, ती हवी तितक्यांदा ऐकू द्यावी आणि प्रश्न तिच्याबद्दल विचारावेत : चाल प्रथम कोणत्या वाद्यात आली, ती परत केव्हा आली, परत येताना तिच्यात काय बदलले, खर्जात काय चालले होते, तुम्हाला ती कुठे संपल्यासारखी वाटली आणि का. यातल्या बहुतेक प्रश्नांचे उत्तर शोध यंत्रात सापडत नाही, त्यामुळे नक्कल करण्याची चिंताही बरीच कमी होईल. सत्रभर प्रत्येकाने ऐकण्याची वही ठेवावी आणि तिच्यात मिनिट-सेकंदांसह नोंदी कराव्यात. ‘छान वाटले’, ‘मन प्रसन्न झाले’ असल्या नोंदी पहिल्या आठवड्यात चालतील. चौथ्या आठवड्यानंतर शिक्षकाने ‘कोणत्या क्षणी, आणि तिथे काय घडले’ असे विचारायलाच हवे. आमच्या चर्चापटावर मी त्या ओबोबद्दल लिहिले, तोवर सत्र संपले होते आणि उत्तर द्यायला कोणी नव्हते. एका शिक्षकाकडे शेकडो विद्यार्थी सोपवले तर वह्या तपासल्या जाणार नाहीत, हे उघड आहे. म्हणून गट लहान हवेत आणि सहाय्यक शिक्षक हवेत. यासाठी खर्च येतो आणि तो करावा लागेल. बहुपर्यायी प्रश्न संगणक फुकटात तपासतो, पण म्हणून हा विषय त्यांच्या मापाने कापू नये.

दुसरी मागणी छोटी आहे. प्रवेशाच्या माहितीपत्रकात श्रेयांक, शुल्क आणि आठवडे छापलेले असतात, त्यांच्या शेजारी या सत्रात कोणत्या रचना आरंभापासून अखेरपर्यंत ऐकल्या जातील, त्यांची यादी आणि एकूण मिनिटे छापावीत. दहा-बारा रचना पुरेत. मला प्रवेश घेताना अशी यादी दिसली असती, तर तिच्यात किती कमी ऐकायचे आहे हे मी पैसे भरण्याआधीच विचारले असते.

आपली नम्र,
पाश्चात्त्य संगीताची एक नवी श्रोती